गणिताच्या कागदावरचं चित्र

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या उत्तरेला ऑक्सफर्ड नावाचं लहानसं गाव आहे. ३० नोव्हेंबर २०२१ च्या सकाळी तिथल्या हायस्कुलात भूमितीचा तास चालू होता. शिक्षकांचं लक्ष पंधरा वर्षांच्या एका मुलाच्या कागदावर गेलं. गणितं सोडवायच्या जागी त्यानं पिस्तूल काढलं होतं, गोळी काढली होती, गोळ्या लागलेला माणूस काढला होता. आजूबाजूला लिहिलं होतं, की सगळीकडे रक्त आहे, हे विचार थांबत नाहीत, मला मदत करा.

शिक्षकांनी कानाडोळा केला नाही. मोबाइलवर त्या कागदाचा फोटो काढला आणि वर कळवलं. समुपदेशक मुलाला घ्यायला आले तोवर त्यानं बरंचसं खोडून टाकलं होतं, पण फोटो होता. आदल्याच दिवशी दुसऱ्या एका शिक्षकांनी त्याला वर्गात फोनवर बंदुकीच्या गोळ्या शोधताना पाहिलं होतं आणि तेही कळवलं होतं. शाळेनं आईच्या फोनवर निरोप ठेवला होता. त्याला उत्तर आलं नव्हतं.

मुलगा म्हणाला, मी व्हिडिओ गेमसाठी चित्रं काढतोय. आईवडिलांना बोलावून घेतलं. समुपदेशकांनी सांगितलं, याला तज्ज्ञाला दाखवा, जमलं तर आजच, नाहीतर ४८ तासांच्या आत. आईवडील म्हणाले, आम्हाला कामावर जायचंय, आज नेता येणार नाही. चारच दिवसांपूर्वी वडिलांनी पिस्तूल विकत आणलं होतं, ही गोष्ट दोघांपैकी कुणी तोंडातून काढली नाही. आणि घरात शस्त्र आहे का, असं त्यांना कुणी थेट विचारलंही नाही. मुलाचं दप्तर वर्गातून ऑफिसात आणलं गेलं, न उघडता त्याच्या हातात दिलं गेलं आणि तो वर्गात परत गेला. पिस्तूल त्या दप्तरात होतं. दुपारी एक वाजायला नऊ मिनिटं असताना त्यानं गोळ्या झाडायला सुरुवात केली. चार विद्यार्थी मेले, सात जण जखमी झाले.

त्या मुलाचं नाव मी लिहीत नाही. असं करणाऱ्यांतल्या कित्येकांना नावच हवं असतं.

शाळेतल्या हिंसेबद्दल बोलताना ‘कुणाच्या लक्षातच आलं नाही’ असं म्हणायची पद्धत आहे. ऑक्सफर्डमध्ये लक्षात आलं होतं. एकदा नाही, अनेकदा. समुपदेशकांच्या निर्णयामागेही विचार होता: मुलगा खचलेला दिसतोय, रिकाम्या घरात एकटा राहिला तर स्वतःचं बरंवाईट करून घेईल, त्यापेक्षा चार माणसांत बरा. हा विचार वेडगळ नव्हता, अपुरा होता. शाळेकडे अशा वेळी काय करायचं याची पद्धत कागदावर होती: धोका किती आहे हे ठरवायला चार-पाच जणांनी बसायचं, प्रत्येकानं आपल्याकडची माहिती मांडायची. २०२३ मध्ये आलेल्या स्वतंत्र चौकशी अहवालानं बोट ठेवलं ते नेमकं यावर. ती बैठक झालीच नाही. फोटो एकाकडे, फोनवरच्या गोळ्यांची गोष्ट दुसऱ्याकडे, पिस्तुलाची माहिती आईवडिलांकडे आणि दप्तर मुलाच्या खांद्यावर. पुढे २०२४ मध्ये आईवडील सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरले आणि दोघांना १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. शाळेतल्या सामूहिक गोळीबारासाठी आईवडिलांना असं जबाबदार धरण्याची अमेरिकेतली ती पहिली वेळ.

धोका ओळखायची ही पद्धत आली कुठून, हे सांगायला थोडं मागे जावं लागतं. २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कुलात दोन विद्यार्थ्यांनी बारा मुलं आणि एक शिक्षक यांना मारलं. त्यानंतर अमेरिकी शिक्षण खात्यानं मदत मागितली ती सीक्रेट सर्व्हिसची, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या जिवाची राखण करणाऱ्या खात्याची. वरवर पाहता हे विचित्र वाटतं. पण या खात्यानं नुकताच, पुढाऱ्यांवर आणि प्रसिद्ध माणसांवर हल्ले करणाऱ्यांचा अभ्यास पुरा केला होता आणि त्यातून एक उपयोगी भेद हाती आला होता. धमकी देणं वेगळं आणि धोका असणं वेगळं. धमकीची पत्रं लिहिणारे बहुतेक जण काही करत नाहीत आणि ज्यांनी खरंच हल्ला केला त्यांनी समोरच्याला आधी धमकी दिलेली नसते. तेव्हा कोण काय बोललं एवढ्यावर थांबू नका. तो माणूस कुठल्या वाटेनं चाललाय ते पाहा.

हीच नजर त्यांनी शाळांकडे वळवली. १९७४ ते २००० या काळातल्या ३७ घटना आणि त्यातले ४१ हल्लेखोर त्यांनी तपासले. त्यांतल्या दहा जणांशी प्रत्यक्ष बोलले. २००२ मध्ये अहवाल आला आणि त्यानं आपल्या मनातलं ठरीव चित्र मोडलं. एकलकोंडा, अभ्यासात ढ, सतत शिक्षा होणारा, काळे कपडे घालणारा मुलगा आपल्या डोळ्यांपुढे येतो. अहवालात सर्वांत मोठा गट चांगले गुण मिळवणाऱ्यांचा होता. नापास होणारे अगदी मोजके. जवळजवळ दोन तृतीयांश मुलं शाळेत कधी गोत्यात आली नव्हती किंवा क्वचित आली होती. जवळचा एकही मित्र नाही अशी मुलं आठांत एक. हल्लेखोर ओळखायचा कसलाही साचा नाही, हा अहवालाचा एक महत्त्वाचा निष्कर्ष.

दुसरा निष्कर्ष असा, की हे अचानक डोकं फिरून होत नाही. कल्पना येते, मग ती रुजते, मग जुळवाजुळव होते. शस्त्र मिळवावं लागतं आणि दोन तृतीयांश वेळा ते स्वतःच्या नाहीतर नातेवाइकाच्या घरातूनच मिळालेलं होतं. या सगळ्याला दिवस लागतात, कधी महिने. आणि या दिवसांत मूल बोलतं. ८१ टक्के घटनांमध्ये, मुलगा काहीतरी करायच्या बेतात आहे, हे आधीच किमान एका माणसाला ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांतले बहुतेक सगळे मित्र, वर्गमित्र किंवा भावंडं होती. मोठ्यांपर्यंत ते पोचलं नव्हतं.

एफबीआयच्या मेरी एलन ओटूल यांनी २००० साली लिहिलेल्या अहवालात या प्रकाराला एक नाव दिलं. मराठीत मी त्याला पाझर म्हणेन. भिंतीच्या आत कुठेतरी नळ फुटलेला असतो, तो दिसत नाही. पोपड्यावर ओल दिसते. मूल मनातलं सरळ सांगत नाही, पण ते निबंधात झिरपतं, चित्रात झिरपतं, चेष्टेच्या सुरात झिरपतं, ‘उद्या शाळेत येऊ नकोस’ असं एखाद्या मित्राला सांगण्यात झिरपतं. हल्ली ते इन्स्टाग्रामच्या स्टोरीत झिरपतं आणि चोवीस तासांनी पुसलं जातं.

मी काही वर्षं नववीला मराठी शिकवलं आहे. ‘माझी सुट्टी’ या विषयावर एका मुलानं लिहिलं होतं, की सुट्टीत घरात राहायची भिती वाटते म्हणून मी संध्याकाळपर्यंत तळ्याकाठी बसतो. मी लाल पेनानं ‘भिती’ची वेलांटी दीर्घ केली, दहापैकी सहा गुण दिले आणि पुढची वही ओढली. साठ वह्या होत्या. ते वाक्य मला आठवलं ते तो मुलगा वार्षिक परीक्षेला आलाच नाही तेव्हा. त्यानं कुणाला काही केलं नाही, पण ओल मी पाहिली होती आणि तिच्यावर चुना मारला होता, हे खरंच.

मग शिक्षकानं बघायचं काय? १९९८ मध्ये ओरेगनमधल्या एका गोळीबारानंतर अमेरिकी शिक्षण खात्यानं शाळांसाठी एक मार्गदर्शिका काढली. तिच्यात धोक्याच्या खुणांची यादी होती: एकटं पडणं, आपल्याला सगळे छळतात असं वाटणं, अभ्यासातलं मन उडणं, लिहिण्या-काढण्यात हिंसा येणं, राग न आवरणं, पूर्वी केलेली मारामारी, दारू किंवा नशा, आणि असंच पुढे. या यादीतली दोन-चार लक्षणं तर माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांत असायची. मार्गदर्शिका लिहिणाऱ्यांनाही ते ठाऊक होतं. म्हणून यादीपेक्षा जास्त जागा त्यांनी सावधगिरीला दिली: एका खुणेवरून निष्कर्ष काढू नका, मुलाला शिक्का मारू नका, ही यादी वर्गाबाहेर काढायचं कारण म्हणून वापरू नका. ही पानं कमी वाचली गेली. यादी मात्र झेरॉक्स होऊन सगळीकडे फिरली.

माझ्या मते त्या सगळ्या यादीपेक्षा एक शब्द कामाचा आहे: बदल. मुळात अबोल असलेलं मूल अबोल राहिलं तर ती त्याची प्रकृती. दंगेखोर मूल एकाएकी गप्प झालं, डबा वाटून खाणारं कोपऱ्यात बसून खायला लागलं, फुटबॉलवर जीव असलेल्यानं मैदानावर यायचं सोडलं, आवडत्या वस्तू मित्रांना देऊन टाकायला लागलं, तर काहीतरी घडलंय. २००२ च्या अहवालातल्या जवळपास प्रत्येक हल्लेखोरानं आधी काहीतरी मोठं गमावलं होतं: जवळचं माणूस, प्रेम, वर्गातली पत किंवा अब्रू. बहुतेकांना आपला छळ झाला असं वाटत होतं आणि काहींचा छळ खरोखर दीर्घकाळ चालला होता. तीनचतुर्थांशांहून अधिक जणांनी आत्महत्येचे विचार बोलून दाखवले होते किंवा तसा प्रयत्न केला होता.

हा शेवटचा आकडा शिक्षकांनी उशाशी ठेवावा असा आहे. दुसऱ्यावर उगारलेला हात आणि स्वतःवर उगारलेला हात एकाच खांद्यातून निघतो. म्हणून हिंसा रोखण्याचं काम पोलिसी नजरेनं सुरू होत नाही, ते ‘तुला जगणं नकोसं वाटतंय का?’ या प्रश्नानं सुरू होतं. असं विचारलं तर मुलाच्या डोक्यात नसलेलं भरलं जाईल, ही भीती आपल्याकडे फार आहे. या विषयात काम करणारे मानसतज्ज्ञ सांगतात, की उघडपणे विचारल्यानं विचार रुजत नाही. उलट मुलाला सुटल्यासारखं वाटतं. विचारून झाल्यावर मात्र त्याला एकटं सोडायचं नाही आणि ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. मी हे योग्य माणसांनाच सांगेन, एवढंच म्हणायचं.

याच्या उलट टोकाला अमेरिका आधीच जाऊन आली होती. १९९४ च्या कायद्यानं, शाळेत बंदूक आणणाऱ्याला वर्षभर काढून टाकायचं असं ठरलं. ते समजण्यासारखं होतं. पण शाळांनी तोच धाक खोटी पिस्तुलं, बोटांची पिस्तुलं, नुसते शब्द इथपर्यंत ताणला. २०१३ मध्ये मेरीलँडमधल्या सात वर्षांच्या एका मुलाला दोन दिवस घरी बसवलं गेलं, कारण न्याहारीची पेस्ट्री कुरतडता कुरतडता तिचा आकार पिस्तुलासारखा झाला होता. हसू येतं, पण या धाकाचा खरा तोटा वेगळा आहे. अशी शिक्षा होते हे दिसल्यावर मुलं मित्राबद्दल सांगायची बंद होतात. आणि ज्या मुलाकडे खरंच लक्ष ठेवायला हवं, तेच दिवसभर घरी, एकटं, अपमानाचे कढ गिळत बसतं.

व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ड्यूई कॉर्नेल यांनी मधली वाट काढली. शाळेत ऐकू येणाऱ्या धमक्यांचे त्यांनी दोन भाग केले: तेवढ्यापुरत्या आणि खऱ्याखुऱ्या. ‘थांब, तुला मारूनच टाकतो’ असं खेळाच्या मैदानावर ओरडलेलं वाक्य दहा मिनिटांनी, समजूत घालून, माफी मागून विरून जात असेल तर ते तेवढ्यापुरतं. राग उतरल्यावरही वाक्य तसंच राहिलं, त्यात कुणाचं नाव, वेळ, जागा आली, शस्त्राची सोय दिसली, तर पूर्ण चौकशी. ३५ शाळांमध्ये एका वर्षात आलेल्या १८८ धमक्या त्यांच्या पथकांनी अशा तपासल्या. सुमारे ७० टक्के तेवढ्यापुरत्या निघाल्या. फक्त तीन मुलांना शाळेतून काढावं लागलं. १८८ पैकी एकही धमकी प्रत्यक्षात आली नाही. पुढे २०१३ मध्ये व्हर्जिनियानं सरकारी शाळांना अशी पथकं बंधनकारक केली.

त्यामागे त्याच राज्यातली २००७ ची जखम होती. १६ एप्रिलला व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ जण मारले गेले. मेलेल्यांत भारतीयही होते. हल्लेखोर विद्यार्थ्याचं लिखाण वाचून इंग्रजी विभागातल्या प्राध्यापक आधीच हादरल्या होत्या. विभागप्रमुख ल्युसिंडा रॉय यांनी त्याला वर्गातून बाजूला घेऊन एकट्याला शिकवलं आणि विद्यापीठात अनेकांना सावध केलं. वसतिगृहाला वेगळं काही ठाऊक होतं, पोलिसांना वेगळं, समुपदेशन केंद्राला वेगळं. चौकशी समितीनं म्हटलं, की खासगीपणाचा कायदा आड येतो अशा समजुतीनं लोकांनी एकमेकांना माहिती दिली नाही. प्रत्यक्षात कायदा एवढा आड येत नव्हता.

मोठ्यांनी एकत्र बसणं हा अर्धा भाग झाला. मुलांनी मोठ्यांना सांगणं हा दुसरा, आणि तो जास्त अवघड आहे. आपल्या शाळांत चहाडी करणाऱ्याला कुत्रं विचारत नाही. हा शब्द मुलांच्या मनातून जायला हवा असं मला वाटत नाही, क्षुल्लक गोष्टी सांगत सुटणाऱ्याला मुलांनी चहाडखोर म्हणावंच. मात्र फरक त्यांना दाखवता येतो: कुणाला गोत्यात आणायला सांगितलं तर चहाडी, गोत्यातून काढायला सांगितलं तर ती मैत्री. कोलंबाइनच्या धड्यातून कोलोरॅडोनं २००४ मध्ये ‘सेफ टू टेल’ सुरू केलं, नाव न सांगता माहिती देता येईल अशी सोय. तिच्यावर येणाऱ्या माहितीत वर्षानुवर्षं आघाडीवर असतात ते कुणीतरी जीव देण्याच्या विचारात आहे असे निरोप. मुलं मित्रांसाठीच फोन करतात. २०२१ मध्ये सीक्रेट सर्व्हिसनं उलट बाजूचा अभ्यास मांडला, म्हणजे न झालेल्या हल्ल्यांचा. २००६ ते २०१८ मधले असे ६७ बेत फसले होते. बेत उघडकीला आणणाऱ्यांत सर्वांत पुढे वर्गमित्र होते. त्यांनी ज्या मोठ्या माणसाला सांगितलं, त्यानं त्यांना हाकलून लावलं नाही, एवढंच त्यामागचं रहस्य.

आपल्यापैकी अनेकांची अमेरिकेत राहणारी नातवंडं शाळेत ‘लॉकडाऊन ड्रिल’ करतात: दिवे बंद, दार बंद, भिंतीला टेकून चिडीचूप. आपल्याकडे लॉकडाऊन म्हटलं की करोना आठवतो. बंदुका हातोहात मिळत नाहीत ही आपली केवढी मोठी सोय आहे, हे अमेरिकेतले आकडे पाहिल्यावर कळतं. तरी फेब्रुवारी २०१२ मध्ये चेन्नईत नववीतल्या मुलानं वर्गात शिक्षिकेला भोसकून मारलं. डायरीतून घरी जाणाऱ्या शेऱ्यांचा राग त्याच्या मनात होता. जानेवारी २०१८ मध्ये हरियाणातल्या यमुनानगरला बारावीच्या मुलानं मुख्याध्यापिकेवर गोळ्या झाडल्या, वडिलांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरनं. शस्त्र इथेही घरातूनच आलं. या शिक्षिकांची चूक होती असं सुचवणंही पाप आहे. पण शेरा हा आपल्याकडे शाळा आणि घर यांच्यातला एकमेव पूल असतो, आणि त्या पुलावरून फक्त तक्रार जाते. पालकांना बोलावलं की मुलाला आणि पालकांना दोघांनाही कळतं, आता बोलणी बसणार. घरी गेल्यावर मार. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शाळेतला मार आणि मानसिक छळ बंद केला, घरातला नाही.

शाळांत समुपदेशक क्वचित असतो, असला तर तीन शाळांत मिळून एक. तक्रारपेटी असते, तिची किल्ली कुणाकडे असते ते शोधावं लागतं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा आणि १४४१६ हा मानसिक आरोग्याचा क्रमांक फुकट आणि चोवीस तास चालतात, ते फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवायला खर्च नाही. कॉर्नेल यांच्या पथकासारखं काही उभारायलाही फार पैसे लागत नाहीत: वर्गशिक्षक, क्रीडाशिक्षक, मुख्याध्यापक, आठवड्यातून अर्धा तास, एक वही. त्या वहीत गुण लिहायचे नाहीत, शेरे लिहायचे नाहीत, कोण बदललंय एवढंच लिहायचं आणि पुढच्या आठवड्यात त्याच्याशी कोण बोललं ते.

या यादीत मी आणखी दोन नावं घालीन, ज्यांना आपण अशा बैठकीला कधी बोलावत नाही: शाळेचे शिपाई आणि मावशी. कोणता मुलगा मधल्या सुट्टीत संडासात दडून बसतो, कोण चार दिवस डबा आणत नाही, कुणाच्या दंडावर वळ आहेत, रोज न्यायला येणारे कुणाचे आजोबा महिनाभर दिसले नाहीत, हे मावशींना माहीत असतं. माझ्या त्या तळ्याकाठच्या मुलाबद्दलही त्यांना माहीत होतं. मी विचारलं नव्हतं.